रिन्युअलचा मार्च

मेडिकल दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर वरवर साधं दिसतं. औषध शोधा, बॅच निवडा, एक्स्पायरी बघा, बिल करा. आत शिरलं की दहावर एक फ्री अशा स्कीम असतात, पट्टी कापून चारच गोळ्या द्यायच्या असतात, शेड्यूल एच-वनचं रजिस्टर असतं, मुदत संपलेला माल स्टॉकिस्टकडे परत जातो त्याचा हिशोब असतो. प्रोग्रॅमर म्हणून मी या गुंत्यात मजेत होते. प्रॉडक्ट मॅनेजर झाले आणि हातात एक एक्सेल आली: दुकानाचं नाव, भरलेली रक्कम, रिन्युअलची तारीख. एवढ्या तीन रकान्यांत आमचा अख्खा धंदा होता, आणि तो वाचायला मला शिकवलं आमच्या अकाउंट्सच्या काकांनी.

मार्चअखेरीस सेल्सची पोरं टार्गेट पुरं झालं म्हणून पेढे वाटत होती. काकांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "अगं, पैसे आलेत. कमाई अजून व्हायचीय." एखाद्या दुकानदाराने १ मार्चला वर्षाचे १२,००० रुपये भरले, तर ३१ मार्चला त्यातले १,००० आपले. उरलेले ११,००० ताळेबंदात देण्याच्या बाजूला बसतात, कारण अकरा महिन्यांची सेवा द्यायची बाकी आहे. जीएसटी मात्र असा थांबत नाही. १८ टक्क्यांचे २,१६० पूर्ण रकमेवर लगेच भरायचे. बँकेतली शिल्लक बघून नवी माणसं भरती करणाऱ्या कंपन्यांची पुढे का दमछाक होते, ते मला त्या दिवशी समजलं.

मग मी फोनकडे वळले. समजा, सपोर्टच्या मुलीचा पगार २५,००० आहे आणि महिन्याला ती सव्वासहाशे फोन घेते. म्हणजे एका फोनला ४० रुपये. जागा, वीज, हेडफोन वेगळे. आठवड्यातून दोनदा फोन करणारं दुकान वर्षाला ४,००० रुपये नुसत्या बोलण्यात संपवतं. १२,००० मधले ४,०००! फोनची यादी चाळली तर निम्मी रड एक्स्पायरी परतीच्या स्क्रीनची होती. ती स्क्रीन सोपी करायचं काम "दिसायला बरं, पण सावकाश करू" म्हणून पडून होतं. काकांच्या पद्धतीने मांडल्यावर ते आठवडाभरात वर आलं. सौंदर्यदृष्टीच्या नावाखाली मागितलेला वेळ कुणी देत नाही, हा माझा ठाम अनुभव आहे.

किंमत ठरवताना तर वेगळीच गंमत झाली. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. ५,००० च्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी. आमचं वार्षिक रिन्युअल त्याच्या वर, त्यामुळे गल्ल्यावर गर्दी असताना दुकानदाराला ओटीपी टाकायला सांगायचं म्हणजे रिन्युअल लांबलंच. जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० झाली. पुढे किंमत वाढवायची वेळ आली तेव्हा चर्चा बरीच झाली, प्रतिस्पर्ध्यांचे दर भिंतीवर लावले गेले. पण आकडा अडला तो इथे. १२,७०० अधिक जीएसटी म्हणजे १४,९८६. याच्या वर शे-दोनशे रुपये मिळवायला गेलो असतो, तर त्यापायी ओटीपीशी अडलेली दुकानं गमावली असती.

दरमहा पैसे घ्या, असंही सुचवलं गेलं. रक्कम छोटी, हो म्हणणं सोपं. पण महिन्याला शंभरातले पाच जण सोडून गेले, तर वर्षअखेरीस उरतात ५४. शिवाय मासिक हप्ता म्हणजे "हे ठेवायचं की नाही" हा विचार दुकानदाराने वर्षातून बारा वेळा करायचा. आम्ही वार्षिकच ठेवलं.

दुकानदारांची बाजूही खोटी नाही. "मॅडम, एकदा विकत घेतलं ना? परत कसले पैसे?" हा प्रश्न सांगलीपासून नांदेडपर्यंत सगळीकडे येतो. २०१३ मध्ये अडोबीने फोटोशॉप वर्गणीवर नेलं तेव्हा जगभरचे फोटोग्राफर हेच म्हणत होते. मी उत्तरादाखल जीएसटीचे बदललेले दर, नवे रिपोर्ट, बॅकअप असं सगळं सांगते. काहींना पटतं. काही जण जुन्या व्हर्जनवर वर्षानुवर्षं दुकान चालवतात, आणि त्यांचंही काही अडत नाही, हे कबूल केलं पाहिजे.

प्रॉडक्टच्या कामात नव्याने येणारी मुलं मला कोर्स विचारतात. जरूर करा. पण त्याआधी एखादा मार्च आपल्या कंपनीच्या अकाउंट्सच्या खोलीत बसून काढा, आणि एप्रिलमध्ये सपोर्टचा हेडफोन कानाला लावा.