बीदरच्या आकाशातील शाळा

सोलापूरहून हैदराबादकडे माल पाठविणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद ही नावे पाठ असतात. हुमनाबादला डावीकडे वळले की बीदर. चादरी आणि टॉवेल यांच्या वसुलीसाठी वडिलांबरोबर मी तेथे प्रथम गेलो, तेव्हा कॉलेजात होतो. एका दुकानाच्या ओट्यावर बसून पावती लिहीत असताना डोक्यावरून एवढ्या जोराने विमान गेले की पेन हातातून निसटले. दुकानदाराने मानदेखील वर केली नाही. “शाळेची विमानं आहेत, शेठजी,” एवढेच तो म्हणाला.

हे वाक्य मी पुढे विसरूनही गेलो होतो. गेल्या वर्षी, बारावीत शिकणाऱ्या माझ्या नातीने खडकवासल्याच्या प्रबोधिनीची परीक्षा देण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा ते आठवले. २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. तिला लढाऊ विमानाची वैमानिक व्हायचे आहे. घरात शांतता पसरली. तिच्या आजीने पहिला प्रश्न विचारला तो असा, की तिथे सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का? मी मात्र मोठा विषय काढला. म्हटले, “पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपणारी माणसे आपण. आपल्या घरातून युद्धाला जायचे?”

ती म्हणाली, “आजोबा, वालचंद शेठांनी विमानांचा कारखाना काढला, तेव्हा त्यांना कुणी असे विचारले होते का?”

मला उत्तर देता आले नाही. वालचंद हिराचंद दोशी आपल्या सोलापूरचे, १८८२ सालचा जन्म, आपल्याच दिगंबर जैन समाजातले. त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय ऐलक पन्नालाल पाठशाळेच्या संस्थेने येथे उभारले, आणि आपली कितीतरी मुले तेथून बाहेर पडली. जहाजे, मोटारी, साखर हे त्यांचे उद्योग आपल्याला तोंडपाठ असतात. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत त्यांनी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली, हेही आपण अभिमानाने सांगतो. पण त्या कारखान्यातून पुढे काय घडले याची चौकशी मी कधी केली नव्हती. नातीने ती करायला लावली.

युद्धाच्या धामधुमीत सरकारने १९४२ मध्ये कारखाना ताब्यात घेतला आणि वालचंद शेठ त्यातून बाहेर पडले. तरी तेथे जोडलेले पहिले विमान कोणते होते, हे वाचून मी थबकलो. हार्लो या अमेरिकन बनावटीचे ते विमान वैमानिकांना शिकविण्यासाठीच होते. पुढे हासूरचंपूसारख्या गडहिंग्लज तालुक्यातील खेड्याशी नाते असलेले, जर्मनीत गॉटिंगेनला शिकून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे तेथे अभियंता झाले. त्यांच्या हाताखाली साकारलेले एचटी-२ हे विमान १९५१ मध्ये उडाले. स्वदेशी आराखड्याचे ते पहिले विमान, आणि तेही शिकाऊंसाठीच. त्यानंतर १९६४ मध्ये ‘किरण’ आले. माझे पेन ज्याच्या आवाजाने निसटले ते बहुधा तेच असावे.

बीदरच्या विमानतळावर साठच्या दशकापासून प्रशिक्षण चालते. तेथेच १९९६ मध्ये किरण विमानांची ‘सूर्यकिरण’ ही तुकडी उभी राहिली. आज ती हवाई दलाची ५२ क्रमांकाची स्क्वाड्रन म्हणून ओळखली जाते. आरंभी सहा विमाने, नंतर नऊ. पंखाला पंख लावल्यासारखी ती आकाशात फिरतात, ते आपण दूरदर्शनवर पाहिले असेल. त्या कसरतीमागचे वैमानिक बहुतांशी इतरांना शिकविणारे प्रशिक्षक असतात, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

इकडे माझा मूळ प्रश्न सुटलेला नव्हता. स्वाध्यायाला येणाऱ्या एका वृद्ध पंडितजींपुढे मी तो मांडला. त्यांनी हिंसेचे चार प्रकार पुन्हा उलगडून सांगितले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडलीच पाहिजे. रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा मुनींप्रमाणे त्याला सर्वस्वी टाळता येत नाही. श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती उभारणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता, याची त्यांनी आठवण दिली. “पण याला परवाना समजू नका,” असेही ते म्हणाले, “कर्म कर्मच राहते.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “तुम्हांला नक्की कशाची भीती वाटते?”

घरी येताना मला ते उमगले. नातीच्या हातून घडू शकणाऱ्या हिंसेपेक्षा तिच्या जिवाची भीती मला अधिक होती. शास्त्र मी केवळ ढालीसारखे पुढे धरले होते. ही गोष्ट येथे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिली पाहिजे.

आणि ती भीती निराधार नव्हती. अनेक वर्षे आपल्याकडे तरुण वैमानिक किरणसारख्या साध्या विमानावर शिकून थेट मिग-२१ वर जात. आवाजाच्या दुप्पट वेग गाठणारे, धावपट्टीवर ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने टेकणारे ते विमान. पेढीवर आलेल्या मुलाला आपण आधी पावत्या लावायला सांगतो, मग रोजमेळ, मग उधारी. तिजोरीची किल्ली कित्येक वर्षांनी. येथे मधली पायरीच नव्हती. ती असावी, प्रगत जेट प्रशिक्षक विमान घ्यावे, असे ला फॉन्टेन समितीने १९८२ मध्ये सुचविले. हॉक विमानांचा करार झाला २००४ च्या मार्चमध्ये. बावीस वर्षे! एखाद्या व्यापाऱ्याने इतका विलंब केला असता, तर त्याची पेढी राहिली नसती. येथे किंमत घराघरांनी मोजली. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगढजवळ मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी नंतर मिग विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. एका आईला हे करावे लागले, हे मला अजूनही सलते.

करारातील ६६ हॉक विमानांपैकी २४ इंग्लंडहून तयार आली, ४२ बंगळूरला बांधायची ठरली, म्हणजे वालचंद शेठांनी पाया घातलेल्या त्याच कारखान्यात. फेब्रुवारी २००८ मध्ये ती बीदरला रुजू झाली. पुढे २०१६ मध्ये हवाई दलात आलेल्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग, हैदराबादजवळच्या हकीमपेटला किरणवर आणि नंतर हॉकवर शिकल्या.

याच काळातली एक घटना मला विशेष भावली. २००९ मध्ये प्राथमिक प्रशिक्षणाची जुनी विमाने थांबवावी लागली, शिकाऊंना विमाने कमी पडू लागली. तेव्हा २०११ मध्ये सूर्यकिरणची कसरत बंद करून तिची किरण विमाने शिकविण्याकडे वळविली गेली. देशभर टाळ्या मिळविणारी तुकडी मुलांच्या अभ्यासासाठी थांबली. २०१५ मध्ये ती हॉक विमानांवर पुन्हा उभी राहिली. तिलाही अपघात चुकले नाहीत: २००६ आणि २००९ मध्ये बीदरजवळ, २०१९ मध्ये बंगळूरला तिचे वैमानिक प्राणास मुकले. हे मी नातीला मुद्दाम वाचून दाखविले. तिने ते आधीच वाचले होते.

दिवाळीनंतर वसुलीला निघालो तेव्हा तिला बरोबर घेतले. विमानतळाच्या आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. दूर, तुरीच्या शेताकडेला गाडी उभी केली. हॉक विमाने एकामागून एक वर जात होती. काही नुसती चाके टेकवून पुन्हा उडत होती. ती मला वळण, उंची, उतरण्याचा कोन समजावून सांगत होती. मी अर्धेच ऐकत होतो. किती वर गेली आणि किती परतली, हे मोजत होतो. सहा गेली होती. पाच उतरली. सूर्य कलू लागला, तसा आजीने दिलेला डबा तिने बॉनेटवर उघडला आणि म्हणाली, “आजोबा, वेळ होतेय, जेवून घ्या.”

“थांब जरा,” मी म्हणालो.

सहावे उतरल्यावर मी दशमीचा घास घेतला.