टिपणीस आणि कारगिलचं आकाश

मालवण



एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस 31 डिसेंबर 1998 ते 31 डिसेंबर 2001 अशी तीन वर्षं भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. या पदावर पोचलेली मराठी माणसं मोजकीच. टिपणिसांच्या आधी हृषीकेश मुळगावकर (1976 ते 1978), नंतर प्रदीप वसंत नाईक (2009 ते 2011) आणि विवेक राम चौधरी (2021 ते 2024). या चौघांपैकी प्रमुखपदी असताना प्रत्यक्ष लढाई अंगावर आली ती टिपणिसांच्या.

त्यांचा जन्म 15 सप्टेंबर 1940 चा. आडनाव जुन्या मराठी दफ्तरातल्या हुद्द्यावरून आलेलं, आणि कोकणाच्या चांगलं ओळखीचं. 28 मे 1960 रोजी ते लढाऊ वैमानिक म्हणून दलात दाखल झाले आणि अडतीस वर्षांनी दलाच्या सर्वोच्च खुर्चीत बसले. पाचच महिन्यांत कारगिल उभं राहिलं.

मे 1999 मध्ये नियंत्रण रेषेच्या अलीकडच्या शिखरांवर पाकिस्तानी सैनिक ठाण मांडून बसल्याचं उघड झालं. भूदलाने हवाई दलाकडे प्रथम मागितली ती सशस्त्र हेलिकॉप्टरं. टिपणिसांनी दोन मुद्दे पुढे केले. इतक्या उंचीवर हेलिकॉप्टर संथ होतं आणि खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राला सहज सापडतं. त्यामुळे मारा करायचा तर लढाऊ विमानांनी. आणि लढाऊ विमानं उतरली की लढाईचा आवाका बदलतो. म्हणून आधी सरकारची स्पष्ट परवानगी हवी. या भूमिकेमुळे उशीर झाला, असा आक्षेप पुढे बरीच वर्षं घेतला गेला. पण शेजारी देशही अण्वस्त्रधारी असताना असा निर्णय दोन दलांनी आपापसात उरकायचा नसतो. टिपणिसांचा आग्रह रास्त होता. 25 मे रोजी परवानगी मिळाली, तीही एका अटीवर: नियंत्रण रेषा ओलांडायची नाही.

26 मे रोजी सकाळी हल्ले सुरू झाले. मोहिमेचं नाव ‘सफेद सागर’. प्रत्यक्ष सूत्रं पश्चिम हवाई कमांडचे प्रमुख एअर मार्शल विनोद पाटणी यांच्याकडे होती. कारण दलाचा प्रमुख स्वतः विमानं धाडत नाही, तो साधनं, परवानगी आणि पाठबळ पुरवतो. पहिले तीन दिवस फार वाईट गेले. 27 मे रोजी मिग-27 चं इंजिन बंद पडलं आणि फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता शत्रूच्या हाती सापडले. 3 जूनला ते परतले. त्यांच्या शोधासाठी घिरट्या घालत राहिलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-21 क्षेपणास्त्राने पाडलं, आणि ते हुतात्मा झाले. 28 मे रोजी तोलोलिंग शिखराजवळ मी-17 जातीचं हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडलं. क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे सोडण्याची सोय त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. पुंडीर, मुहिलन, प्रसाद आणि साहू हे चौघे त्यात गेले. ही नावं पाठ असावीत.

यानंतर मोहीम थांबली नाही, तिची रीत बदलली. हल्ल्याच्या कामातून हेलिकॉप्टरं काढून घेतली. विमानं क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, 30,000 फुटांच्या आसपास चढली. तिथे वेगळीच अडचण होती. तिथलं टायगर हिल शिखर सुमारे 5,000 मीटर उंच, म्हणजे आपल्या आंबोलीच्या सातपट. तिथली हवा विरळ. बाँब ठरल्या वाटेने पडत नाही, सपाटीवरचे आडाखे चुकतात. लक्ष्य म्हणजे कड्यावरचे चार तंबू. थोडं चुकलं की बाँब उतारावरून खाली दरीत. एका खाडीत फेकजाळं टाकायला हात बसलेला पागी दुसऱ्या खाडीत गेला की त्याचेही पहिले पाग वाया जातात, वैमानिकांचं तसंच झालं. मग मिग-21 च्या वैमानिकांनी हातात मावणारं जीपीएस यंत्र आणि स्टॉपवॉच घेऊन, वेळ मोजून बाँब सोडायला सुरुवात केली. काही हल्ले रात्रीही झाले.

खरा फरक पाडला मिराज-2000 विमानांनी. 17 जूनला बटालिक भागातला मुंथो ढालोचा रसदतळ त्यांनी उद्ध्वस्त केला. 24 जूनला टायगर हिलवर लेझरने वाट दाखवलेला बाँब पडला. विमानाखालच्या यंत्रातून लेझरचा किरण लक्ष्यावर धरून ठेवायचा आणि बाँबने त्या ठिपक्याकडे उतरायचं, असं हे तंत्र. 4 जुलैला 18 ग्रेनेडियर्सच्या जवानांनी ते शिखर जिंकलं. विमानांनी शिखरं जिंकली नाहीत, ती पायदळाने चढून जिंकली; पण वरच्यांची रसद आणि झोप विमानांनी तोडली. नियंत्रण रेषा शेवटपर्यंत ओलांडली गेली नाही.

कारगिलची लढाई संपल्यावर, 10 ऑगस्ट 1999 रोजी, कच्छच्या सीमेवर हवाई दलाच्या मिग-21 ने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं. त्यातले सोळाही जण मरण पावले. पाकिस्तानने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. जून 2000 मध्ये न्यायालयाने तो आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असं ठरवलं. त्याच वर्षी आणखी दहा मिराज घेण्याचा आणि 140 सुखोई-30 देशात बांधण्याचा, असे दोन करार झाले. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात भूजच्या हवाई तळाचीही मोठी हानी झाली, आणि त्याही अवस्थेत मदतीची विमानं तिथेच उतरत होती.

13 डिसेंबर 2001 रोजी संसदेवर हल्ला झाला. सैन्य सीमेकडे सरकत असतानाच, महिनाअखेरीस, टिपणिसांनी एअर चीफ मार्शल एस. कृष्णस्वामी यांच्याकडे सूत्रं सोपवली.

तुझा,
मामा