कुलपाची किल्ली ज्याच्याकडे

चि. शुभदास,


तुझं म्हणणं असं की, कोठडीत छळ झाल्याचा आरोप बाई करत असेल तर तो तिनंच सिद्ध करावा. फौजदारी कायद्याचा पायाच तो आहे, मग पोलिसांपुरता का सोडायचा? तत्त्व मला मान्य आहे, पण ते लावायचं ती जागा बघ. साक्षीदार म्हणजे आरोपीचे सहकारी, स्टेशन डायरी त्यांच्याच हातची, आणि दवाखान्यात कधी न्यायचं हेही तेच ठरवणार. 1972 मध्ये देसाईगंजच्या चौकीत मथुरा या आदिवासी मुलीला मागं थांबवून घेतलं, घरच्यांना बाहेर जायला सांगितलं, दिवे मालवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोन्ही पोलिसांना दोषी धरलं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिनं प्रतिकार केलेला नाही, हा त्यातला मोठा आधार. बरं, जखमा दिसल्या असत्या तर? छत्तीसगडमधल्या शिक्षिका सोनी सोरी यांना ऑक्टोबर 2011 मध्ये दिल्लीत अटक करून दंतेवाड्याला नेलं. पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं कोलकात्यात तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या योनिमार्गातून आणि गुदाशयातून खडे निघाले. ज्या पोलीस अधिकाऱ्यावर त्यांचा छळाचा आरोप होता, त्याला पुढच्याच प्रजासत्ताक दिनी शौर्यपदक मिळालं. पुरावा नसला तर बाई खोटी आणि असला तरी ढिम्म, अशी ही तऱ्हा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, किल्ली ज्याच्याकडे, खुलासा त्यानं करावा. यात नवं काही नाही. मथुरा खटल्यानंतर उठलेल्या आवाजामुळे 1983 मध्ये पुरावा कायद्यात 114-अ आलं. पोलिसांच्या ताब्यातल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई 'संमती नव्हती' म्हणाली, की न्यायालय तसंच गृहीत धरतं. मारहाणीसाठी मात्र तशी तरतूद झालीच नाही. विधी आयोगानं 1985 च्या 113व्या अहवालात 114-ब सुचवलं होतं: ताब्यात असताना इजा झाली तर ती ताब्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्यानं केली, असं न्यायालयाला धरता यावं. 2017 मध्ये आयोगानं तेच पुन्हा सांगितलं. 2023 चा नवा साक्ष अधिनियम आला, तरी हे कलम बाहेरच. याला तू निर्दोषत्वाच्या गृहीतकावरचा घाला म्हणशील. पण घराच्या चार भिंतींत बायको मेली तर घरातल्यांनी खुलासा द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये त्रिमुख किरकनच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्याच, खटल्यात म्हटलं आहे. नवऱ्याला जे लागू होतं ते ठाणेदाराला लागू का होऊ नये? शिवाय 114-ब मध्ये न्यायालय तसं धरू शकेल, धरलंच पाहिजे असं नाही. उलट पुरावा द्यायला पोलीस मोकळाच. खोट्या तक्रारींची भीतीही मला पोकळ वाटते. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी कायद्यानं सक्तीचीच आहे. जखम आधीची असेल तर तो कागद तसं सांगेल, आणि प्रामाणिक हवालदाराला त्याहून मोठा आधार कोणता?

राहिला तुझा शेवटचा उपाय: बायकांवर बायकांचाच पहारा. तो हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण भायखळ्याच्या महिला तुरुंगात जून 2017 मध्ये मंजुळा शेट्ये ही बंदिवान मरण पावली. अंडी आणि पाव कमी आल्याची तक्रार केली म्हणून तिला मारलं, असा आरोप आहे. खुनाचा गुन्हा दाखल झाला तो तुरुंगातल्या सहा जणींवर. त्या साऱ्या स्त्रियाच. घडलेलं पाहणाऱ्या होत्या त्या कैदी बायका. त्यांनी तुरुंगात आवाज उठवला, तेव्हा सुमारे दोनशे जणींवर दंगलीचा गुन्हा नोंदवला गेला. तुझ्या तत्त्वाप्रमाणे पुरावा द्यायचा तो ह्यांनी, आणि साक्ष देऊन रात्री परत जायचं ते त्याच कुलपाआड.

तुझी,
मावशी