दोन विकांतांचं काम

शनिवारी सकाळी शहाण्या माणसाने उशिरा उठावं, पोहे खावेत आणि पेपर तोंडावर घेऊन पुन्हा आडवं व्हावं. मी मात्र २०२४ च्या पावसाळ्यापासून जवळजवळ प्रत्येक विकांत विमानाचा पंख काढण्यात घालवला. कागदावर नाही, फ्रीकॅडमध्ये. याला जबाबदार आमचा मामा.

मामा पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. मिनी ड्राफ्टर, रॉट्रिंगची पेनं, अमोनिया प्रिंटचा तो नाकात जाणारा वास, हे त्याचं ऑफिस. आणि घरी आला की बाल्साची विमानं. डायनिंग टेबलवर विमान आणि जेवण जमिनीवर, अशी मामीकडची रीत होती म्हणा ना. मग काही वर्षांपूर्वी त्याला काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं. कडेचं सगळं गेलेलं. एकदा रिब कापताना ब्लेड अंगठ्यात गेलं आणि मामीने ब्लेडवर कायमची बंदी घातली.

माळ्यावर एका ग्लायडरचा अर्धवट प्लॅन पडला होता. १२०० मिमी लांबीचा पंख, मुळाशी १८० मिमी रुंद, टोकाशी १२०. "हे तेवढं उडताना बघायचं होतं रे," मामा म्हणाला. "दिसतंय तोवर."

आता यावर माणूस काय बोलणार? मी म्हटलं, "मामा, मी कम्प्युटरवर काढतो, लेझरने कापून घेऊ. दोन विकांतांचं काम." सॉफ्टवेअरवाल्याचं एस्टिमेट! मंडळी, पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

सुरुवात झकास झाली. मामाने पंखाच्या आडव्या छेदासाठी क्लार्क वाय निवडला होता. वर्जिनियस क्लार्कने १९२२ मध्ये काढलेला हा आकार १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गच्या विमानालाही होता. खालची बाजू बरीचशी सपाट, त्यामुळे टेबलावर ठेवून पंख बांधायला सोपा. इलिनॉय विद्यापीठाच्या संग्रहात असे दीड हजारांहून जास्त आकार आकड्यांच्या रूपात फुकट मिळतात. फाईल उतरवली, बिंदू जोडले, आणि पंखाची मागची टोकदार कड फुगून चमच्यासारखी गोल झाली. का, तर मी सगळे बिंदू एकाच वक्ररेषेत ओवले होते. वरची आणि खालची अशा दोन रेषा वेगळ्या काढायच्या, हे कळायला एक रविवार गेला.

नंतर फ्रीकॅडने खरा रंग दाखवला. त्यात प्रत्येक पृष्ठभागाला नंबर असतो. आधीची एखादी पायरी बदलली की नंबर सरकायचे, आणि सहा नंबरवर टेकवलेली खाच भलत्याच पृष्ठभागावर जाऊन बसायची. अ‍ॅरेचा इंडेक्स आयडी म्हणून वापरणाऱ्या ज्युनियरला मी कोड रिव्ह्यूमध्ये झापतो, इथे कोणाला झापणार? (नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हे दुखणं बरंच आटोक्यात आलं, पण तोवर माझे केस गेले ते गेलेच.)

शेवटी वैतागून पायथनमध्ये लूप लिहिला. मधली एक आणि दोन्ही बाजूंना बारा बारा अशा २५ रिब्ज, ५० मिमी अंतरावर. म्हणजे वेगवेगळे आकार तेरा. मामा पूर्वी दोन टोकांच्या दोन रिब्ज प्लायवूडच्या करायचा, मधे बाल्साचे तुकडे बोल्टने आवळायचा आणि सगळा गठ्ठा पॉलिश पेपरने घासायचा. त्याला एक संध्याकाळ लागायची. माझ्या लूपला दोन सेकंद. (अधिक चार महिने.) मी खूष! लेझरवाल्याकडून रिब्ज कापून आणल्या आणि पेढ्यांच्या खोक्यात घालून मामाकडे गेलो.

मामाने टोकाची रिब उचलली. डोळ्यांजवळ नेलीच नाही. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून पुढून मागे फिरवली.

"वरून शीट किती जाडीची लावणार?"

"दीड मिमी. तुझ्याच प्लॅनमध्ये आहे की."

"वर दीड, खाली दीड. मग ती हिच्यात कुठे धरलीस?"

मी गप्प. क्लार्क वायची जाडी रुंदीच्या ११.७ टक्के, म्हणजे टोकाशी १४ मिमी. माझी रिबच १४ मिमी होती! शीट चढल्यावर ती १७ झाली असती, म्हणजे १४ टक्क्यांच्या वर. मुळाशीही २१ चे २४. तेराच्या तेरा रिब्ज चुकलेल्या, आणि प्रत्येक टोकाकडे थोडी जास्तच. स्क्रीनवर सगळं हिरवंगार होतं, एकही एरर नव्हता. मी शीट सांगितलीच नाही तर ते बिचारं काय ओरडणार?

मला वाटलं, मामा आता हसेल. तो म्हणाला, "पहिल्या नोकरीत मीही हेच केलं होतं. साहेबांनी प्रिंट फाडून हातात दिली." मग जरा थांबून, "तुझं बरं आहे, आकडा बदलला की झालं."

खरंच आकडा बदलला की झालं. त्याच रात्री दुरुस्त केलं आणि पुढच्या आठवड्यात नव्या रिब्ज आल्या. जोडायचं काम माझं, तपासायचं मामाच्या अंगठ्याचं. बाल्साची प्रत्येक शीट तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायला लावायचा. एकाच मापाच्या दोन शीट, एक २४ ग्रॅम आणि दुसरी ४०! माझ्या मॉडेलमध्ये सगळ्या बाल्साची घनता एकच धरलेली, त्यामुळे गुरुत्वमध्य कागदावर छान आणि टेबलावर मागे. मामाने पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोललं आणि नाकात शिसं भरायला लावलं.

२०२५ च्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी पुण्याबाहेरच्या माळावर गेलो. पहिल्या दोन फेकी गवतात. तिसरी मामाने फेकली आणि विमान वर चढलं. पुढच्याच क्षणी ते त्याच्या नळीतून निसटलं.

"कुठाय रे?"

"डावीकडे मामा, बाभळीच्या वर. अजून डावीकडे. थोडं वर... आता!"

त्याची मान वळत गेली, थांबली. मग विमानाबरोबर हळूहळू फिरू लागली. पाचसहा सेकंद असतील. तो काहीच बोलला नाही, मीही नाही.

परतताना गाडीत बराच वेळ शांत होता. मला वाटलं, भरून आलंय. चांदणी चौक आला तसा म्हणाला, "डावीकडेच का वळत होतं? तुझा डावा पंख जड झालाय. काट्यावर ठेवला होतास का?"

नव्हता ठेवला. असो. पुढच्या विकांताची सोय झाली.