खिळा ठोकू नये

खिळा. हिंजवडीच्या भाडेकरारात एक कलम हमखास असतं: भिंतीला खिळा ठोकू नये. करार अकरा महिन्यांचा. आमच्याकडे येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर अशी कुठंही ठेवत नसत. फादरना बोलवायचं, घरच्यांनी गुडघे टेकायचे, प्रार्थना करून ती दारासमोरच्या भिंतीवर चढवायची, खाली तांबडा बल्ब लावायचा. त्या दिवसापासून घराचा धनी तो. आईच्या घरी नाताळाआधी भिंतींना चुना दिला जाई तेव्हाही ती उतरवत नसत, चौकटीच्या कडेकडेनं कुंचला फिरे. इथं ती फ्रिजवर भिंतीला टेकवून ठेवलीय. घर बदललं की खोक्यावर 'नाजूक' असं लिहून टेम्पोत जाते. धनीही अकरा महिन्यांच्या करारावर.

तांबडा बल्ब. बाजारात अजून मिळतो.

झावळी. पवित्र आठवडा सुरू होतो त्या रविवारी मिळालेली झावळी त्या तसबिरीमागं खोचायची. वर्षभर तिथंच वाळायची. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी ती चर्चमध्ये परत न्यायची. अशा जुन्या झावळ्या जाळूनच कपाळाला लावायची राख करतात. आता झावळी घरी येते, परत जात नाही. आमची मागच्या वेळची गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये सापडली.

नऊ शुक्रवार. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या संत मार्गारेट मेरी या धर्मभगिनीला झालेल्या दर्शनातून आलेलं हे व्रत. ओळीनं नऊ महिने, प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा आणि ख्रिस्तप्रसाद. मध्ये एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आजीनं ते किती वेळा पुरे केले त्याचा हिशेब नाही. माझ्या ओळखीतल्या आयटीवाल्यांपैकी कुणाचे पुरे झाल्याचं मला माहीत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळीच परदेशातल्या ग्राहकाला काहीतरी सुचतं. आता कुणी नव्यानं सुरूही करत नाही.

मोठ्यानं म्हटलेली जपमाळ. दिवेलागणीला घराघरातून एकाच वेळी ऐकू यायची. एकानं अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली पुरी करायची. शेवटी मेलेल्यांची नावं. ती यादी दर दोन-चार वर्षांनी लांबायची आणि धाकट्याला तेवढ्यात झोप लागायची. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली जपमाळेत प्रकाशाची रहस्यं वाढवली. आजीनं ती कधी मोजली नाहीत, तिच्या हिशेबी आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची एवढीच. जपमाळ बंद झालेली नाही, हे नोंदवायला हवं. दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांना वीसेक मिनिटं लागतात आणि भूमकर चौकातून हिंजवडीच्या शिवाजी चौकापर्यंत पोचायला त्याहून जास्त, त्यामुळं गाडीत ती आरामात होते. कानात इयरफोन, पलीकडून अ‍ॅपमधला अमेरिकन आवाज. अर्धी तो म्हणतो, उरलेली मी मनात. मेलेल्यांची नावं त्याला माहीत नाहीत.

लाल लुगडं. शेजारीण वसईची, सामवेदी. तिच्या आजीच्या पिढीपर्यंत बायका लाल लुगडं नेसून देवळात जात. देऊळ म्हणजे चर्चच. आता ते लग्नाच्या आदल्या दिवशी फोटोपुरतं. जास्त सांगायचा मला अधिकार नाही, मी नगरकडची.

निरोप्या. राहुरी तालुक्यातल्या केंदळला जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली सुरू केलेलं मराठी मासिक. डोरिंग पुढं पुण्याचे बिशप झाले, मग पहिल्या महायुद्धानंतर त्यांना हिरोशिमाला धाडलं, आणि काही वर्षांनी ते पुन्हा पुण्यालाच आले. एवढं जग फिरलेल्या माणसाचं मासिक आमच्याकडे पोस्टमन शाळेच्या पत्त्यावर टाकायचा. ज्याला वाचता येई तो ओट्यावर बसून वाची, बाकीचे ऐकत. मुखपृष्ठावरचा संत कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला असे. आता मला जाणवते ती गैरसोय एवढीच: मासिक एकट्यानं वाचता येतं.

मास्तर. याच्यावर थोडं थांबते. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या गावांत फादर अधूनमधून येत. मधले रविवार मास्तरचे. आठवडाभर ज्या खोलीत पाढे, तीच खोली रविवारी फळा पुसून प्रार्थनेला. मिशन पगार देई तो तुटपुंजा आणि कामाला सीमा नाही. मुलांना प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायची, टाळ-ढोलकीवर भजनं बसवायची, नाताळच्या नाटकात हेरोदाला तलवार मिळवून द्यायची, कुणाचा कागद वाचून दाखवायचा, मोडत आलेली सोयरीक सावरायची. कुणी अखेरच्या घटका मोजत असलं की रात्री सायकल काढून फादरला आणायला तोच. त्याची बायको भाकरीच्या वेळी दोन जास्तच थापे, कारण कोण ना कोण येणारच. त्याचं धर्मशास्त्र कच्चं होतं. नरकाबद्दल तो जे सांगे ते कुठल्याही ग्रंथात मला पुढं सापडलं नाही. पण रविवारी कोण दिसलं नाही हे त्याला कळे, आणि सोमवारी सकाळी तो दारात उभा राही. ओरडायचा नाही. "काल दिसला नाहीत?" एवढंच. मग कुणाचं भांडण, कुणाची दारू, कुणाकडे मुलांना घालायला धड कपडे नाहीत, हे त्या एका प्रश्नानं बाहेर यायचं.

इथं रविवारी आम्ही पिंपरी-चिंचवडच्या बाजूला जातो. तीन-चार मिस्सा, गर्दी इतकी की दाराबाहेर उभं राहावं लागतं. २०२० नंतर ज्यांना जायला जमत नाही ते मोबाइलवर पाहतात. मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या बाई हुशार आहेत, छापील सरावपत्रिका देतात, मास्तरच्या नरकापेक्षा त्यांचा देव कितीतरी समजूतदार आहे. पण सलग दोन महिने कुणी गेलं नाही तरी कुणाला पत्ता लागत नाही. लोक धर्मगुरूंच्या टंचाईबद्दल बोलतात. मला मास्तरची टंचाई मोठी वाटते.

फादरची घरभेट. ईस्टरनंतर फादर घरोघर जाऊन आशीर्वादित पाणी शिंपडत. कोंबड्या पळत, आई घाईनं चटई टाकी. आता सोसायटीच्या दारावर आल्यागेल्याची नोंद होते: डिलिव्हरी, कॅब, घरकाम, इतर. फादर 'इतर'मध्ये बसतात. ओटीपी येईपर्यंत, हातात पाण्याची बाटली घेऊन, उन्हात उभे.

हरेगावची वाट. श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव बाकीच्यांना बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळं माहीत, आम्हाला मतमाउलीमुळं, म्हणजे मरियामातेमुळं. ८ सप्टेंबर हा तिचा जन्मदिवस, त्या सुमाराला यात्रा. आजोबांच्या वेळी बैलगाड्या जुंपून निघत; वाटेत तीन दगडांची चूल, पावसाची सर, गाडीखाली झोप. नवसाला हिंदूही येत, अजून येतात. यात्रा गेली नाही, उलट वाढली. गेली ती वाट. हिंजवडीहून पहाटे गाडी काढायची, दर्शन घ्यायचं, नारायणगावला नाहीतर संगमनेरला जेवायचं, सोमवारी नऊच्या मीटिंगला हजर. माउलीपाशी मुक्काम नाही.

ताट. नाताळचा फराळ, करंज्या-शंकरपाळी-लाडू, विणलेल्या रुमालाखाली झाकून शेजारी जायचा. ताट रिकामं परत येत नसे. काही नसलं तर साखर. सध्या सोसायटीच्या ग्रुपवर केकचं चित्र जातं आणि उत्तरादाखल हात जोडलेले येतात.

आमचे पुरलेले. २ नोव्हेंबरला गावी मेलेल्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. त्याआधी गवत काढायचं, माती सारखी करायची, कुणाची कुठली यावरून वाद घालायचा. हिंजवडीत आमचं कुणी पुरलेलं नाही.

रस्ता अडवायचा हक्क. हा आमचा नव्हताच म्हणा, पण गावी पवित्र मिरवणूक निघाली की एसटी थांबायची. इथं तो हक्क ग्रामदैवत म्हातोबाकडे आहे. चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडला बगाड निघतं, गळकरी वर, खाली भंडारा आणि माणसं, आणि राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या गाड्या मुकाट दुसऱ्या रस्त्यानं वळवल्या जातात. जमिनी गेल्या, टॉवर उभे राहिले, तरी गावकऱ्यांनी हे सोडलं नाही. मला त्यांचा हेवा वाटतो. आमचा गुड फ्रायडे सुट्ट्यांच्या यादीत 'ऐच्छिक' आहे.

राख. २०२४ साली राखेचा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला आला. ऑफिसात लाल फुगे, लाल कपडे. पहाटेच्या मिस्साहून तशीच गेले तर तिघांनी टिश्यू पुढं केला. तिसऱ्यापर्यंत राख बरीच पुसली गेली होती. पूर्वी गावात त्या दिवशी राख नसलेलं कपाळ लक्षात यायचं.

शुक्रवारचा उपास. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. संकष्टी, श्रावण, गुरुवार, नवरात्र, सगळं ऑफिसला पाठ आहे. ख्रिस्ती बाई मांस नको म्हणते यावर मात्र टेबलावरची चर्चा थांबते. "तुमच्यात पण असतं?" शुक्रवारी बिर्याणी असते, टीमचं जेवण शुक्रवारीच ठरतं, आणि तरुण पोरं-पोरी सांगत बसण्यापेक्षा खाऊन मोकळी होतात. त्यांना दोष देत नाही.

कॅन्टीनमधले काका बीडकडचे, गळ्यात तुळशीची माळ. स्वतः मांसाला शिवत नाहीत आणि दिवसभर चिकन वाढतात. एका वर्षी मी ओळीनं शुक्रवारी उसळ मागितलेली त्यांनी पाहिली, काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी, मागं रांग खोळंबलेली असताना, डाव हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "मॅडम, लागले का तुमचे शुक्रवार?"