एकनळी

एकनळी बंदूक ही गरिबाची बंदूक. दुनळीला ऐट असते. तिच्या लोखंडावर नक्षी असते, दस्त्याला अक्रोडाच्या लाकडाची झळाळी असते आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर तिला मान असतो. एकनळीला यांपैकी काहीच लाभलेले नाही. कोकणात ती मांगराच्या आढ्याला नाहीतर माजघरातल्या कपाटात, इरले आणि कोयत्याच्या पंक्तीला असते. शिकारकथांतून तिचा उल्लेख क्वचितच सापडतो. तरीही ज्यांनी ती वापरली, त्यांचा तिच्यावर जो जीव जडतो, तो मला नेहमीच विचार करण्याजोगा वाटत आला आहे.

तिची रचना इतकी साधी, की गावातल्या लोहारालाही ती एका दृष्टिक्षेपात कळावी. एक नळी, एक बिजागरी, एक खटका, एक घोडा आणि एक चाप. खटका दाबला की बंदूक मध्यावर मोडते आणि नळीचे मागचे तोंड उघडे पडते. त्यात हाताने एक काडतूस सारायचे, नळी वर उचलून मिटायची, घोडा चढवायचा. बार झाला की पुन्हा मोडायची, रिकामे टरफल काढायचे, नवे काडतूस घालायचे. मध्यावर मोडणाऱ्या बंदुकीची ही कल्पना १८३० च्या दशकात पॅरिसमधल्या कासिमीर लफोशो नावाच्या कारागिराने रूढ केली. तोवर दारू, चिंधी आणि शिसे नळीच्या पुढच्या तोंडातून गजाने ठासावे लागे. पावसाळ्यात दारू सर्दावली की ठासणीची बंदूक म्हणजे नुसती काठी! काडतुसाने ती अडचण दूर केली.

आपल्याकडची एकनळी बहुधा बारा बोरची. हा बारा आकडा इंचांचा नव्हे आणि मिलिमीटरचाही नव्हे. नळीच्या तोंडाएवढ्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून ती बारा बोर. मोजमापाची ही जुनी तऱ्हा मला फार आवडते. तीत तराजू आहे, बाजार आहे, माणसाचा हात आहे.

अमेरिकेत या बंदुकीचे भाग्य निराळे. तिथे मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यांनी एकनळ्या स्वस्तात घडवल्या. त्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे-कुऱ्हाडींशेजारी विकल्या जात आणि कॅटलॉग पाहून टपालानेही मागवता येत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बंदूक टपालाने मागवण्याची ही सोय १९६८ च्या कायद्याने बंद झाली. तोवर शेतकऱ्याच्या कित्येक पोरांची पहिली बंदूक एकनळीच होती.

आपल्या देशात मात्र बंदूक ही दुकानात जाऊन घेण्याची वस्तू कधीच नव्हती. १८७८ च्या कायद्याने परकीय सरकारने प्रजेच्या हातातली शस्त्रे परवान्याच्या कुलपात ठेवली. स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र कायदाही परवान्यावरच उभा आहे; पण त्यात शेतकऱ्यासाठी एक खिडकी ठेवलेली आहे. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागता येते आणि ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर साध्या नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. त्या खिडकीतूनच एकनळी आमच्या घरात आली. १९७४ साली वडिलांनी ठासणीची बंदूक देऊन ती घेतली. बंदूक बिहारमधल्या मुंगेरची, काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. कोकणातल्या भाताची राखण करायला दोन दिशांनी दोन वस्तू आल्या याचे मला लहानपणी मोठे नवल वाटे. परवान्यावर काडतुसांचा आकडा लिहिलेला असे आणि वडील ती आईच्या डब्यातल्या साखरेसारखी मोजून वापरीत.

बांध ओलांडण्यापूर्वी ते बंदूक मोडीत आणि मोडलेली बंदूक हातावर टाकून चालत. समोरून येणाऱ्याला रिकामी नळी लांबूनच दिसे. त्या बंदुकीचा सर्वांत मोठा गुण मला हाच वाटतो : आपण निरुपद्रवी आहोत हे तिला न बोलता सांगता येते. आम्हां भावंडांना त्यांनी शिकवलेला नियमही एकच. “एकच बार आसा, बघून घाल.” दुसरी संधी नाही हे ठाऊक असलेला माणस थांबतो. हललेल्या पानामागे काय आहे याची खात्री करतो. पुष्कळदा चापावरचे बोट काढून घेतो. आमच्या शेतात अनेक रात्री बंदूक नुसती जागी असे, बोलत नसे. आणि डुकरे पत्र्याच्या डब्याच्या आवाजानेच पळून जात.

पण एकनळीचे गुण गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. आमच्या पलीकडच्या वाडीत एका राखणदाराने काळोखात डुक्कर समजून माणसावर बार टाकला. तिथेही बार एकच होता. यंत्र साधे असले म्हणून मरण साधे होत नाही. संयम बंदुकीत नसतो; ती फक्त संयमाला जागा करून देते. ती जागा भरायची की नाही, हे माणसाने ठरवायचे असते.

शिवाय काळ बदलला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पीक खाणाऱ्या डुकरावरही वनखात्याच्या परवानगीवाचून बार टाकता येत नाही आणि मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. हा कायदा मला योग्य वाटतो. मात्र चार महिने पाण्यात राबून उभे केलेले भात एका रात्रीत चिखलात लोळलेले पाहणाऱ्याला तो अर्ज किती लांबचा वाटत असेल, हेही मला कळते. मी पगारावर जगतो. माझे पीक कोणी रात्री खात नाही.

वडील गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. गावी शेती करणाऱ्या धाकट्या भावाने ती आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज केला. त्यासाठी इतर वारसांची संमती हवी होती. बहिणीने सही केली. माझ्याकडे तो कागद पंधरा दिवस पडून होता. मला भावाची भीती नव्हती. त्या पलीकडच्या वाडीतल्या काळोखाची होती. एक बंदूक कमी झाली तर जग तेवढेच सुरक्षित होईल, असे एक मन म्हणे. दुसरे मन विचारी, की तो धोका टाळण्याची किंमत कोण देणार? ती मी देणार नव्हतो. शेतावर जागणारा देणार होता.

अखेर मी भावाला फोन करून एवढेच विचारले, “बांध ओलांडताना बंदूक मोडतोस ना?” क्षणभर तो गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, बंदूक नसतानासुद्धा माझो हात थंयसर उगीच खटको शोधता.”

त्याच संध्याकाळी मी सही केली. हा निर्णय बरोबर होता हे कोणताही परवाना मला सांगणार नाही. दरवर्षी भात पिकू लागले, की मी भावाला पिकाबद्दल विचारतो आणि बार किती झाले हेही विचारतो. गेल्या हंगामात त्याने एकही काडतूस वापरले नाही. भात मात्र निम्मे गेले.