ड्रममधला गाळ

पूर येणार म्हटलं की कुरुंदवाडमध्ये आधी जनावरं हलतात, मग धान्य, मग माणसं. गाडीचा नंबर शेवटचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा वडिलांची अ‍ॅम्बेसेडर मी शेजारच्या उंच जोत्यावर चढवली, हॅन्डब्रेक खच्चून ओढला आणि आई-वडिलांना घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जयसिंगपूरला बहिणीकडं गेलो. हॅन्डब्रेक ओढला ती चूक. ती कळायला मला तीन महिने लागले.

गाडी १९७२ ची, मार्क टू. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये थांबला, २०१७ मध्ये अ‍ॅम्बेसेडर हे नावसुद्धा ऐंशी कोटींना फ्रेंच प्यूजो कंपनीकडं गेलं. आमच्या दारात मात्र ती रोज सकाळी पुसली जायची. वडिलांचा तो नेम होता, देवपूजेइतकाच.

पाणी उतरल्यावर परत आलो तर टायरवर अर्ध्या चाकापर्यंत मातीची रेघ. इंजिन कोरडं होतं. तिसऱ्या फटक्याला सुरू झालं तेव्हा वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण गाडी जागची हलेना. हॅन्डब्रेक सोडला होता, तरी मागची दोन्ही चाकं जाम. गल्लीतल्या पोरांनी ट्रॅक्टरला दोर बांधून हिसका दिला, खाडकन आवाज झाला आणि चाकं फिरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरात गुडघाभर चिखल होता, भिंतींना ओल होती, धान्याला वास सुटला होता. ब्रेकचा विचार कोण करतो?

नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला. एका संध्याकाळी शिरोळ रस्त्यावर माझ्यापुढं उसानं भरलेली ट्रॉली होती, मागं ना दिवा ना लाल पट्टी. ती थांबली. मी पाय दाबला आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा काहीतरी धरलं. उसाचे शेंडे काचेला लागले आणि गाडी थांबली. शेजारी आई बसली होती. ती काहीच बोलली नाही, फक्त माझ्या हातावर हात ठेवला.

त्या काळच्या गाडीत मास्टर सिलिंडर एकाच खणाचा. चारही चाकांना तेल एकाच जागेहून जातं, म्हणून मागच्या एका चाकाशी गळती झाली तरी पुढचे ब्रेकसुद्धा हात वर करतात. नव्या गाड्यांत दोन खण असतात, एक गेला तरी दुसरा निभावतो. मला हे ऐकून माहीत होतं. त्या संध्याकाळी ते पायाला कळलं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढत मिस्त्रींकडं नेली. साठी ओलांडलेला माणूस, तरुणपणी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम केलेला. पुरानंतर ट्रॅक्टरनं हिसका दिल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "सर, चाक सुटलं म्हंजे ब्रेक बरा झाला न्हाई. चिकटलेला शू तुम्ही उपटून काढलाय."

मागचं डावं चाक उतरवलं. ड्रमचे स्क्रू गंजून बसले होते. अ‍ॅडजस्टर मागं घेऊन, लाकडी हातोडीनं ड्रमला चौफेर टिचक्या देत देत त्यांनी तो बाहेर काढला. मी वाकून पाहिलं. आत नदी होती. बारीक, साईसारखा बसलेला गाळ वाळून त्याच्या पापड्या झालेल्या, स्प्रिंगच्या वेढ्यावेढ्यांत माती भरलेली. नाक जवळ नेलं तर घाटावर पाणी ओसरल्यावर येतो तोच वास. एका शूचं, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानीचं, लायनर रिव्हेटसकट उखडून तिरकं लटकत होतं. हॅन्डब्रेक ओढलेला, म्हणजे शू ड्रमला घट्ट दाबलेला. त्या अवस्थेत तो कित्येक दिवस पाण्यात राहिला आणि गंजानं दोघांना एकमेकांना चिकटवून टाकलं. ब्रेक सोडला तर मधल्या फटीत गाळ शिरतो, पण धुतला की निघतो. चिकटलेला शू असा निघत नाही.

गॅरेजमधला पोरगा कॉम्प्रेसरची नळी घेऊन आला तेव्हा मिस्त्री ओरडले. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ती धूळ फुंकून उडवायची नसते, छातीत बसते. त्यांनी पाणी मारून, ओल्या फडक्यानं सगळं पुसून घेतलं. मला हे फार आवडलं. शिकलेली माणसंही तोंडानं फुंकर मारताना मी पाहिली आहेत.

मग व्हील सिलिंडर. पिस्टन बाहेर काढून आतल्या भिंतीवर मिस्त्रींनी माझंच बोट फिरवलं. "नख अडकतंय काय?" अडकत होतं. गंजानं खड्डे पडले होते, त्या खड्ड्यांवर रबर घासून फाटलं होतं आणि तेल तिथूनच गेलं होतं. बाटलीतलं उरलेलं तेल चहासारखं काळं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते जुनं झालं की आतून गंज धरतो, आणि जोरात ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते. पूर नसता आला तरी ते तेल मी बदलायला हवं होतं. पूर्वी एका गॅरेजमध्ये त्यात इंजिन ऑइलची भर घातली होती, त्यानं रबर फुगतं, हेही तेव्हाच कळलं.

मी विचारलं, नुसतं रबरांचं किट टाकून भागेल का? मिस्त्री म्हणाले, "एका बाजूला नवं, एका बाजूला जुनं, असं मागं चालत न्हाई. गाडी एका अंगाला ओढती." म्हणून दोन्ही सिलिंडर नवे, पाइप नवे, हॅन्डब्रेकची केबल नवी. ड्रम घेऊन मी स्वतः उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांनी देशभरच्या वाहनांना ओतकाम पुरवलंय, तिथला लेथवाला ड्रम हातात घेऊन नुसत्या ठोक्यावरून सांगतो की चीर आहे की नाही. ठोका स्वच्छ वाजला. दोन्ही ड्रम एकाच मापाला आणले, कट अगदी बारीक घेतला.

नव्या लायनरच्या रिव्हेटची डोकी पृष्ठभागाच्या खाली हवीत, नाहीतर ती ड्रमला ओरखडतात. मिस्त्रींनी ड्रमला आतून खडू फासला, शूवरून फिरवला आणि लायनरवर खडू कुठं उमटतो ते पाहून कानसेनं उंचवटे काढले. या एका कामाला दुपार गेली. दिवाळीच्या रांगोळीला बायका जितकं मन लावतात तितकं मन त्या माणसानं ड्रमच्या आत, कुणाला कधी न दिसणाऱ्या जागी लावलं.

शेवटी हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. पेडलवर वडील बसले, त्यांनी हट्टच धरला. "दाबा... धरा... सोडा." बरणीत बुडवलेल्या नळीतून बुडबुडे निघत राहिले, मग कमी झाले, मग पिवळसर स्वच्छ तेलाची अखंड धार आली. "आता दाबा," मिस्त्री म्हणाले. वडिलांनी दाबलं. "दगडासारखं लागतंय," ते म्हणाले आणि बराच वेळ पाय उचललाच नाही.

जुलै २०२१ मध्ये परत पूर आला. या वेळी गाडी आधी हलवली. जयसिंगपूरला बहिणीच्या दारात ती पहिल्या गिअरमध्ये ठेवली, मागच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावले, हॅन्डब्रेक सोडला. वडिलांनी दोन वेळा आत वाकून तो सोडलाय ना ते पाहिलं. ते चार दगड आता डिकीतच असतात.